लाल फीत आणि ल्युटेशियम

औषध तयार होतं, पेशंट तयार होता आणि मधल्या दारावर लाल साटिनची फीत बांधलेली होती.

"साहेब आल्याशिवाय आत कुणी जायचं नाही," आमचे डायरेक्टर सर म्हणाले.

सांगलीतल्या या हॉस्पिटलात मी न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर आहे. त्या दिवशी आमच्याकडची पहिली ल्युटेशियम थेरपी होती. पहिली, म्हणून उद्घाटन. उद्घाटन, म्हणून साताऱ्याहून मंत्रीसाहेब. आणि साहेब, म्हणजे उशीर ओघानं आलाच.

पेशंट बिरूआबा, कवठे महांकाळकडचे मेंढपाळ. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला. हार्मोनची इंजेक्शनं झाली, केमो झाली, तरी कणा इतका ठणकायचा की पाठ टेकता येत नव्हती. कळपामागं चालणं सुटलं, याचं दुःख त्यांना कॅन्सरपेक्षा मोठं होतं.

या कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाची एक खूण असते. आमच्या औषधाचा एक भाग ती खूण ओळखून चिकटतो. दुसरा भाग, म्हणजे ल्युटेशियम, तिथंच बसून जवळून किरण सोडतो आणि पेशी मारतो. आबांना हे समजावलं, तर ते म्हणाले, "म्हंजी मेंढरावर रंगाचा ठिपका असतोय, तसं. आपलं कुठलं, दुसऱ्याचं कुठलं, लगीच कळतंय."

अडचण एवढीच, की आमच्या लॅबमध्ये हे मिश्रण एकदा तयार झालं, की काही तासांत द्यावं लागतं. नंतर ल्युटेशियम सुटं होऊ लागतं आणि नको तिथं जातं. नवं ल्युटेशियम मागवायचं तर पुन्हा काही आठवडे. तेवढे आठवडे आबांनी कसे काढायचे?

"सर, औषध वाया जाईल."

"फोन केलाय मी. साहेब रहिमतपुरात आहेत. सत्कार चाललाय."

दोनेक तासांनी पुन्हा विचारलं.

"आता तासगावात. बेदाण्याच्या शेडचं उद्घाटन आहे."

"मग आपण सुरू करू या?"

"मॅडम, फीत कापायच्या आधीच सुरू केलं, तर उद्घाटन कशाचं करायचं?"

उद्घाटनाचं शास्त्र आम्हाला शिकवत नाहीत. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आबा कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर एका अंगावर रेलून बसले होते. "बाई, कवा?"

"फीत कापली की, आबा."

आबांनी फितीकडं नीट पाहिलं. "आवं, कापायची कशाला? आमी रोज वाघर उचलून मेंढरं काढतो. वाघर कुनी कापतंय व्हय?"

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. आबा कण्हत उठले, काठीच्या टोकानं फीत उचलली आणि वाकून आत गेले. शिशाच्या डब्यात औषध घेऊन मीही त्यांच्यामागं वाकले. सरांचा आ वासलेला राहिला. पण फीत शाबूत होती, त्यामुळं तक्रार कशाची करावी हे त्यांना सुचेना.

औषध सुरळीत गेलं.

साहेब आले ते जेवणवेळ टळल्यावर. फीत कापली, टाळ्या झाल्या. शाल-नारळ घेऊन ते आत निघाले. "पेशंटला मिठी मारतो. फोटो चांगला येईल."

"मारा ना," मी म्हणाले. "फक्त आता किरण त्यांच्या अंगातून बाहेर पडतायत."

घटकाभर लांब उभं राहिल्यानं काही झालं नसतं. विचारलं असतं, तर सांगितलंही असतं. शाल नर्सच्या हाती देऊन साहेब मागं फिरले आणि भाषण पार्किंगमध्ये झालं. नर्सला किरण लागत नसावेत.

घरी सोडताना मी बजावलं, "काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं."

"आन गाभण मेंढ्या?"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "त्यांच्यापासूनही," मी म्हणाले.

पुढचे डोस फितीविना झाले. नंतरच्या स्कॅनमध्ये हाडांतले डाग बरेच कमी दिसले. गेले नव्हते, तेही मी स्पष्ट सांगितलं. "पाठ टेकतीया, मेंढरामागं चालतूया. बास झालं," आबा म्हणाले. मला लय बरं वाटलं.

जाताना ते दारापाशी थांबले. तिथं आता संगमरवरी पाटी आहे, सोनेरी अक्षरांत साहेबांचं नाव. सोबत आलेल्या लेकानं ती वाचून दाखवली.

"बाई, आमच्या आदीचा पेशंट ह्यो व्हय? बरा हाय का आता?"

"ठणठणीत आहेत," मी म्हणाले. "उशिराखेरीज त्यांना कसलाच आजार नव्हता."

परवा नवं मशीन आलं. दारावर फीत होतीच. मी वाकले आणि कामाला लागले.