ज्ञानमणी अक्काचे निरोप

कोलारच्या खाणीत खडक फुटला की वर आमच्या घरांतली भांडी खाली पडायची. मग बायका चूल तशीच टाकून फाटकाकडे धावायच्या. ज्ञानमणी अक्काही धावली होती, पोटुशी असताना. त्या दिवशी मैलभर खोल बोगदा खचला. तिघांची प्रेतं निघाली. तिचा नवरा सवरीमुत्तू निघालाच नाही. शेवटी ती बाजू भिंत घालून बुजवली.

फादर म्हणाले, "नावापुरती तरी कबर बांधू."

अक्का म्हणाली, "माणूस खाली आहे, वर कबर कशाला?"

मी खाणकामगार, तिचा शेजारी. आमच्यात पत्र्याची एकच भिंत. मी पाळीला निघालो की ती दारात उभी. "अरुळ, त्याला सांग, मुलगी झाली. नाक त्याचंच आलंय, आता काय करणार!" पुढे, "सांग, रेजिना मॅट्रिक झाली." कधी नुसतंच, "आज सुकी मासळी केलीय म्हणावं."

पाळीतले सोबती चिडवायचे, "काय पोस्टमन, आज काय टपाल?" पण खाली, बोगदा बुजवलेल्या त्या भिंतीपाशी आलं की तेच टोपी काढून उभे राहायचे. मी निरोप ओरडून सांगायचो; खाली यंत्रांचा आवाज फार.

मग सोनं काढायचा खर्च निघेना, खाण बंद झाली. सोन्यानं वसवलेलं आमचं शहर पहाटेच्या गाडीनं बंगळूरला कामाला जाऊ लागलं. खालचं पाणी उपसणारे पंप थांबले.

एका संध्याकाळी अक्का माझ्या ओट्यावर येऊन बसली. "पाणी कुठवर चढलं असेल रे?"

"त्याच्या वर गेलं असेल, अक्का."

ती म्हणाली, "रोज माणसं उतरत होती, तेव्हा वाटायचं, त्याला सोबत आहे. आता कोण आहे तिथं? फादरना विचार, कबरीला जागा मिळेल का."

शवपेटीत त्याचा लग्नातला सदरा ठेवला. सदऱ्यापुरता लहान खड्डा पुरे, असं खणणारा म्हणाला, तशी अक्का कडाडली, "माझा नवरा उंच होता! नीट खण." सगळी वस्ती आली. पेटी इतकी हलकी, की खांदा देणाऱ्यांची पावलं चुकत होती. माती पडली तेव्हा अक्का नव्या विधवेसारखी रडली. रेजिनाला तिला सावरता येईना.

त्यानंतर ती लेकीकडे बंगळूरला गेली. नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, दोघी येतात. कबर धुतात, शेवंती वाहतात, मेणबत्त्या लावतात. परतीची गाडी मात्र अक्का दर वर्षी चुकवते.

"अम्मा, मुद्दाम करतेस ना?" रेजिना चिडते.

"पाय दुखतात गं," अक्का म्हणते आणि माझ्या बायकोला भात जास्त टाकायला सांगते.