अल्टर केलेली थोरली

मास्तरांचं दुकान कपडे शिवायचं नव्हे, अल्टर करायचं. कंबर सैल करा, बाही आखूड करा, चेन बदला. दुसऱ्याने बिघडवलेलं नीट करण्यात उभा जन्म गेल्यामुळे असेल, पण सिनेमा बघतानाही त्यांचा हात कात्रीकडेच जायचा. "मध्यंतरानंतरचा अर्धा तास फुकट. इथून कापून तिथे टीप मारली असती तर काय बिघडलं असतं?" दोऱ्याच्या रिळांच्या वरच्या फळीवर छोटा टीव्ही होता. तो चालू असला की गिऱ्हाइकाच्या पदरात पँटच्या आधी मास्तरांची मतं पडायची. खलनायक पहिल्याच प्रसंगात खदाखदा हसला, म्हणजे लेखक आळशी. नायिकेने पत्र मोठ्याने वाचलं, म्हणजे दिग्दर्शकाच्या लेखी प्रेक्षक ठार अडाणी. मालिकेत कोणी जिन्याजवळ उभं राहिलं की मास्तर तोंडातली टाचणी काढून म्हणायचे, "आता ही पडणार." आणि ती पडायचीच.

हे सगळं ऐकून घेणारं हक्काचं माणूस एकच, त्यांची थोरली बहीण. लग्न दोघांनीही केलं नाही. आईवडील गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं, पहिला सिनेमाही तिनेच दाखवला. दुकानात ती स्टुलावर बसून काजं करायची, बटणं लावायची. भावाचं चऱ्हाट फार लांबलं की म्हणायची, "तुझं मत ठेव तुझ्यापाशी. काय झालं ते बघू दे."

मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी सुईत दोरा ओवेना, मग काज वाकडं जायला लागलं, मग दुकानाची पायरीच दिसेना. ती घरी बसली, आणि घरी टीव्ही नव्हता. दोघांची आवडती मालिका संध्याकाळी सातला लागायची, दोन बहिणींची गोष्ट. मास्तर ती दुकानात बघायचे आणि जेवताना ताईला भाग सांगायचे. त्यातली थोरली ताईची फार लाडकी. भागात तिची हालहवाल नसली तर ताईला जेवण गोड लागत नसे.

आठ महिन्यांपूर्वी मास्तर तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावलं. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले, आणि उरलेला अंधुक उजेडही फार दिवस टिकणार नाही. बाहेर बाकावर ताई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हणाले रे?" मास्तर म्हणाले, "थेंब नेमाने घालायचे. वर्षभरात फरक पडेल."

त्याच संध्याकाळी मालिकेतली थोरली मोटारीखाली मेली. नटी सोडून गेली असणार, म्हणून लेखकाने तिला रस्त्यावर आणून मारली. मास्तरांचा संताप झाला. असं कुठे असतं? सहाशे भाग जिला जपलं, तिचा असा दोन मिनिटांत निकाल? घरी ताई ताट पुढ्यात घेऊन वाट बघत होती. "थोरली काय म्हणते?"

"बरी आहे," मास्तर म्हणाले. "मोटार अगदी अंगावरून गेली, पण वाचली."

एकदा उसवलं की सगळंच नव्याने शिवावं लागतं. थोरलीला रोज कामाला लावायचं म्हणजे गंमत नव्हती. चार महिन्यांनी मालिका बंद पडली, तरी मास्तरांची चालूच. ज्या लेखकांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, त्यांच्याच युक्त्या एकेक करून त्यांच्या हाताशी आल्या. थोरलीची स्मृती गेली. हरवलेला भाऊ आला. एकदा तर त्यांनी तिला जिन्यावरूनही पाडलं. आपण पाणी घालतोय हे त्यांना कळत होतं, पण संपवायची छाती नव्हती. ताई डोळ्यांत थेंब घालत मान वर करून ऐकायची आणि म्हणायची, "नजर आली की शेवटचे भाग दुकानात बसून बघीन. काजं बाहेर देऊ नकोस हं."

परवा समोरच्या बाई ताईशी गप्पा मारायला आल्या. मास्तर घरी आले तेव्हा ताईने ताट घेतलं नव्हतं.

"थोरली कधीच मेली म्हणे. मालिकाही संपली."

मास्तरांनी सारवासारव केली. "अगं, फार वाईट लिहिलं होतं. तुला कसं सांगणार? म्हणून जरा अल्टर केलं."

"कोणत्या दिवशी मेली?"

"डॉक्टरांकडे गेलो होतो, त्याच."

ताईने चाचपून थेंबांची बाटली उचलली आणि मुठीत धरली.

"डॉक्टर काय म्हणाले होते? झालं तसं सांग. अल्टर नको."

मास्तरांनी डॉक्टरांची दोन वाक्यं जशीच्या तशी सांगितली. ताई रडली नाही, रागावलीही नाही. "एवढंच होतं तर," म्हणाली, आणि बाटली झाकण न उघडता टेबलावर ठेवून दिली. मास्तरांना वाटलं, हिने आपल्याला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकी उघडली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "छान ऊन पडलंय, ताई."

ताई उठली, भिंतीला धरून खिडकीपाशी आली आणि हात बाहेर काढून तिने ऊन आहे का ते बघितलं.