खिडकीपाशी कोण बसतं?

हेंकने मला फसवलं. बार विकताना सोबत काय येतंय, ते त्याने पूर्ण सांगितलं नाही.

भुताखेतांच्या गोष्टी मानणारी बाई मी नव्हे. डिपेंडंट व्हिसावर आले, झुइडओस्ट उपनगरातल्या फ्लॅटमधून जेवणाचे डबे विकले आणि तीन वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्यालगतच्या गल्लीतला हा जुना बार घेतला. घासाघीस करून एकेक स्टूल यादीत लिहून घेतलं. हेंक फार पटकन ‘हो’ म्हणाला... तिथेच ओळखायला हवं होतं.

इथल्या जुन्या बारमध्ये टेबलावर गालिचा घालतात. मला काय ठाऊक! खिडकीजवळच्या टेबलावरचा उचलला, झटकला, जमिनीवर अंथरला. सकाळी कुलूप उघडते तर गालिचा परत टेबलावर. झालरसुद्धा सरळ केलेली.

तीन दिवस हेच. कुलूप नवं, किल्ली माझ्या एकटीकडे. कॅमेरा लावला, तर एका क्षणी गालिचा खाली, पुढच्या क्षणी वर. मध्ये काहीच नाही.

नवरा म्हणाला, “अगं, या गावात तुला घासाघीस करायला आता भूतच उरलंय. बोल त्याच्याशी!”

मी भडकून हेंकला फोन लावला. “मी नसताना बारमध्ये येतोस का रे?”

“मी? माझे गुडघे बघितलेस का?” तो हसला. मग म्हणाला, “गालिचा खाली टाकलास ना?”

मी गालिच्याचं नावही काढलं नव्हतं!

“वर राहू दे,” तो म्हणाला. “त्याला खाली चालत नाही.”

“कोणाला?”

“मी बार घेतला तेव्हा मलाही कोणी सांगितलं नव्हतं,” म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हापासून गालिचा टेबलावरच आहे. त्रास म्हणाल तर काडीचा नाही. बार छान चाललाय, बिअरबरोबर माझे बटाटेवडे डच लोक मोहरीची चटणी लावून खातात. सकाळी दार उघडताना तर बरंच वाटतं — कोणीतरी जागा राखलीय असं. उलगडा मात्र आजही नाही.

पण हेंक दर शुक्रवारी येतो, वडे हाणतो, आणि विचारलं की हवामानावर बोलतो. कागदावर मालक म्हणून माझं एकटीचं नाव आहे. मग ते खिडकीजवळचं टेबल कोणाचं? येत्या शुक्रवारी, भरल्या बारमध्ये, त्याने मला उत्तर द्यावं.