सूप, गिअर आणि मोठेबाबांचं घड्याळ : सावली ते आलापल्ली

मोठी आईचा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. मी नागपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि सुटीच्या दिवशी चावीची, ऑटोमॅटिक, बंद पडलेली घड्याळं उघडते. नवऱ्याच्या मते हे व्यसन आहे, आणि त्याचं फारसं चुकत नाही.

"सुजाता, घडी पुन्हा बंद पडली वं बाई," मोठी आई म्हणाली. "तुझे मोठेबाबा कोनाशी बोलूनच नाई राह्यले. तू ये."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई माझी काकू. राहतात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीला. मोठेबाबांनी निवृत्त होईपर्यंत एस.टी. चालवली, त्यातली बरीचशी वर्षं आलापल्लीच्या जंगलरस्त्यावर. त्यांच्या डाव्या मनगटावर स्टीलच्या चेनचं एक ऑटोमॅटिक घड्याळ असतं, नोकरीत कायम झाले तेव्हा घेतलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑटोमॅटिक घड्याळात सेल नसतो. मागचं झाकण काढलं की अर्ध्या भाकरीच्या आकाराचं एक धातूचं वजन दिसतं, मधोमध एका खिळीवर मोकळं बसवलेलं. मनगट हललं की ते गरगर फिरतं, आणि फिरता फिरता आतली स्प्रिंग गुंडाळत जातं. वजन उजवीकडे फिरो की डावीकडे, स्प्रिंग मात्र एकाच दिशेने भरते. ही करामत दोन इवल्या, हुकासारख्या आकड्यांची, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मग ती स्प्रिंग सावकाश सुटते, दातेरी चाकं ढकलते, आणि शेवटच्या चाकाला एक छोटा अडसर एकेक दात मोजून पुढे सोडतो. आपण टिकटिक म्हणतो तो या अडसराचा आवाज. काही ऑटोमॅटिक घड्याळांना वरून चावीही देता येते, पण मोठेबाबांच्या घड्याळाला ती सोय नाही. बाजूच्या बटणाने फक्त काटे आणि तारीख लागते. ते भरायचं तर हात हलवायलाच हवा.

एस.टी.च्या डायव्हरला याची कधी चिंता नव्हती. गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो, त्यामुळे घड्याळ ड्युटीवर आपोआप भरून यायचं. पण मागच्या पावसाळ्यात मोठेबाबांना लकवा मारला, डाव्या बाजूला. पाय सावरला, बोलणं सावरलं, हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली की हातात ताकद आहे, वापरला तर परत येईल. तिने दाबायला मऊ चेंडू दिला. मोठेबाबांनी तो खिडकीत ठेवून दिला आणि स्वतःचीच एक परीक्षा ठरवली: सकाळी घड्याळ चालू दिसलं तर हात सुधारतोय. दिवाळीच्या सुमारास घड्याळ खरोखर चालायला लागलं. घरच्या ग्रुपवर आनंदीआनंद झाला. आणि आता ते बंद. सगळ्यांनी ठरवून टाकलं की घड्याळच जुनं झालंय. मी हत्यारांची डबी घेतली आणि गाडी काढली.

नागपूरहून सावलीला जायचं तर उमरेड, भिवापूर, नागभीड, सिंदेवाही, मूल असा रस्ता धरा. सकाळी लवकर निघालात तर जेवायच्या वेळेला पोचता. नागभीडनंतर जंगल रस्त्याला येऊन भिडतं, आणि गाडीचा वेग आपला आपण कमी होतो. रानडुक्कर कधी मधे येईल सांगता येत नाही. मला तर माकडांनी अख्खी पंगत मांडून अडवलं. सिंदेवाहीच्या स्टँडजवळ तर्री-पोहे खा. चहासकट पन्नाशीच्या आत काम होतं, आणि तर्री खरंच तिखट असते. मी 'कमी घाला' म्हणाले तर पोहेवाला म्हणाला, "म्याडम, मंग पोहे काऊन खाता, शिरा खा ना." गप्प बसून खाल्ले.

मूलच्या पुढे दोन्ही बाजूंना धान कापून पडलेलं होतं. खाचरांत, इथल्या भाषेत बांध्यांत, पेंढ्या, रस्त्याच्या कडेला ताडपत्र्यांवर वाळत घातलेलं धान, हवेत तो कोरडा गोडसर वास. नोव्हेंबर-डिसेंबरात जा, असं मी सांगेन. उन्हाळ्यात जायचा विचारही करू नका.

मोठेबाबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. "आली का," एवढंच म्हणाले. ज्या माणसाने मला लहानपणी एस.टी.त स्वतःशेजारी बॉनेटवर बसवून पूर्ण रस्ता गाणी म्हणून दाखवली, तो माणूस भिंतीकडे बघत होता.

जेवायला भात, वैनगंगेच्या झिंग्यांचा रस्सा आणि कोथिंबीर भरलेली सांभारवडी होती. जेवण झाल्यावर मी घड्याळ मागितलं. मोठेबाबांनी उजव्या हाताने चेन काढून दिली, पण पटकन नाही. मी खिडकीपाशी पाट मांडला, भिंग डोळ्याला लावलं आणि झाकण फिरवून उघडलं.

आत सगळं ठीक होतं. वजन एका फुंकरीने फिरत होतं, आकडे जागेवर, तेल अजून ओलं. चार-सहा वेळा हलवल्याबरोबर टिकटिकीचा ताल धरणारं तोलचाक झुलायला लागलं. एखाद्या घड्याळात दोष सापडला की मला आनंद होतो. त्या दिवशी दोष सापडत नव्हता, आणि आता एकच कारण उरत होतं, मोठेबाबांचा हात.

झाकण लावताना चेनकडे लक्ष गेलं. कड्यांच्या फटींत पिवळसर भुकटी बसली होती. टाचणीने काढून बोटावर घेतली तर धानाचा कोंडा. लकवा मारलेला माणूस दिवसभर ओसरीवर बसतो, त्याच्या घड्याळात कोंडा कुठून येणार?

मी बोट पुढे करून स्वयंपाकघरात गेले. मोठी आई भांडी लावत होती. तिने बोटाकडे पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मीच घालत होती," ती म्हणाली. "ते दुपारी झोपले का हळूच काढू अन् मी घालू. बांगड्यांच्या वर चढवू, नाई तं पडे. अन् धान पाखडत बशू. सुपानं घडी मस्त भरे वं. त्याईले खुश पाहून मले वाटे, मन उभं झालं का हातई उभा होईल."

सुपाचा तो झटका, खालून वर आणि परत खाली, ऑटोमॅटिक घड्याळ भरायला त्याहून चांगली हालचाल मला सुचवता आली नसती. घड्याळाच्या दुकानात या कामासाठी विजेवर फिरणारी पेटी असते. हिने सूप लावलं होतं.

"मग बंद का केलंस?"

"मी नाई केलं. आता ते झोपतानाई घडी काढू नाई देत. हात छातीखाली दाबून झोपतात."

ओसरीवर परत आले तर मोठेबाबा माझीच वाट बघत होते.

"सुजाता, मास्तरीण हायेस तू. खरं सांग. बिघाड घडीत हाय का हातात?"

खोटं बोलायची संधी चांगली होती. तेल आटलंय म्हणाले असते, घड्याळ नागपूरला नेलं असतं, महिनाभर तरी निभावलं असतं. पण त्यांच्या नजरेपुढे ते जमेना.

"घड्याळ चांगलं आहे, मोठेबाबा."

त्यांनी घड्याळ परत मनगटावर चढवलं. मग म्हणाले, "उद्या मले आलापल्लीले ने. एकदा रस्ता पाहून घेतो." ते 'एकदा' मला अजिबात आवडलं नाही. मोठी आई आतून नको नको म्हणत आली आणि शेवटी तीच डबा भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी निघालो. मोठेबाबा पुढे माझ्या डावीकडे, मोठी आई मागे. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. पेट्रोल तिथेच भरून घ्या, आणि घरी फोन करायचे तेही करून घ्या. पुढे रेंज मनात येईल तेव्हा येते. चामोर्शीला चहा. वेळ असेल तर तिथून मार्कंड्याची देवळं जवळ आहेत, नदीकाठचं दगडी कोरीव काम पाहण्यासारखं आहे. आम्ही थांबलो नाही, मोठेबाबांना पुढचा रस्ता हवा होता.

आष्टीपर्यंत ते गप्पच होते. आष्टीनंतर जड ट्रकांनी रस्त्याची चाळण केलेली, आणि माझं गाडी चालवणं मुळातच बेताचं. मी एका खड्ड्यात तिसऱ्या गिअरवर गेले तसे ते पहिल्यांदा बोलले.

"दुसरा टाक."

पुढच्या वळणावर पुन्हा. "दुसरा टाक, म्हटलं ना! इंजिन रडून राह्यलं, आयकू नाई येत काय?"

दोन्ही बाजूंना आता साग उभा होता, उंच आणि सरळ, आणि रस्त्यावर सावल्यांचे पट्टे पडले होते. चढ आला. समोरून ट्रक आला. मी गडबडले, क्लच दाबला आणि गिअर काही सापडेना. "अवं दुसराऽऽ!" मोठेबाबा ओरडले, आणि त्यांचा डावा हात मांडीवरून उठला. मूठ अर्धवट मिटलेली होती. त्या मुठीने हवेतला दांडा धरला, मधे आणला आणि खाली ओढला.

गाडी बंद पडली. ट्रक हॉर्न देत गेला. मी आरशात पाहिलं तर मोठी आई तोंडावर पदर दाबून बसली होती. मोठेबाबा स्वतःच्या हाताकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसे, बघत होते. मला रडू आलं, आणि मी ते दडवलंही नाही.

"रडून काय राह्यली," ते म्हणाले. "चालू कर."

त्यानंतर मी मुद्दाम वाईट गाडी चालवली. फार मुद्दाम करावं लागलं नाही म्हणा. आलापल्ली येईपर्यंत त्या हाताने मला दर वळणावर शिकवलं. हात पुरता उठत नव्हता, मधेच थकून पडत होता, पण आपणहून निघत होता.

आलापल्लीत स्टँडजवळ मडावी भाऊंचं गॅरेज आहे. मोठेबाबांची गाडी जंगलात अडकली की हेच धावून जायचे. "जोहार डायवर भाऊ!" म्हणत ते बाहेर आले आणि खुर्ची पुसली. गप्पा रंगल्या. कोपऱ्यात जुन्या गाड्यांचं सामान पडलं होतं, त्यात काळ्या मुठीचा एक गिअरचा दांडा. मोठी आईने तो उचलून आणला.

"मडावी भाऊ, हे याईच्या खुर्चीले लावून देता काय? चेंडू त्याईले पोट्ट्याचा खेळ वाटते."

मडावी भाऊ हसत सुटले. आम्ही डबा खाऊन होईतो त्यांनी जाड पत्र्यात गिअरच्या खाचा कापल्या, खाली एक स्प्रिंग बसवली आणि घरी खुर्चीच्या डाव्या बाजूला आवळता येईल असा दांडा उभा केला. पैशाचं नाव काढलं तर रागावले.

परतीच्या वाटेवर चामोर्शीच्या अलीकडे मोठेबाबा मागे न बघता म्हणाले, "तू घालत होतीस ना घडी?"

आरशात मोठी आईने मान खाली घातली.

"चेनीतून कोंडा पडे माह्या हातावर. मले तवाच समजलं. म्हणून मी झोपतानाई काढू नाई दिली. म्हटलं, खरं काय ते पाहू."

"मंग बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? तू माह्यासाठी पाखडून राह्यलीस, अन् मी भांडू?"

मागून हुंदका आला. थोड्या वेळाने मोठेबाबांनी विचारलं, "एवढं धान तरी होतं काय घरी पाखडाले?"

"तेच ते पाखडत होती पुन्हा पुन्हा," मोठी आई म्हणाली, आणि तिघंही हसलो. मोठेबाबांना हसताना मी कित्येक महिन्यांनी ऐकत होते.

मी मात्र नागपूरला परतले ती धाकधूक घेऊनच. रस्त्याच्या धक्क्यांनीही घड्याळ भरतं, हे मला कळत होतं. त्या संध्याकाळी ते चालू होतं त्यात गचके किती आणि हात किती, कोण सांगणार? खरी परीक्षा खुर्चीत होती, आणि तिथे पहिल्या आठवड्यात निकाल चांगला नव्हता. दुपारीच काटे थांबत. मी विचारायचंही बंद केलं. रोज माझी घड्याळं उघडायचे आणि आतल्या त्या फिरत्या वजनाकडे बघत बसायचे. फिरायला त्याला फार काही लागत नाही, पण हात लागतोच.

मग एका सकाळी चहा ठेवला असताना फोन वाजला. मोठेबाबा.

"सुजाता, चालू हाय. रातभर चालली."

माझ्या मनात जे आलं ते विचारायची लाज वाटली. त्यांनीच उत्तर दिलं.

"तुही मोठी आई बहिणीकडे राजुऱ्याले गेली परवापासून. सूप इथंच पडून हाय, अन् घडी माह्याच हातात हाय. थांब, आयक."

त्यांनी फोन घड्याळाला लावला असणार. मी गॅस बंद केला, पंखा बंद केला, श्वास धरला. टिकटिक काही येईना. एवढा नाजूक आवाज फोनवर येतच नाही. आली ती खटखट, स्प्रिंगची कुरकूर, पुन्हा खट.

"घड्याळ नाही ऐकू येत मोठेबाबा," मी म्हणाले. "गिअर ऐकू येतोय."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले. "आता चौथा टाकला."