सहाव्या भागातली मोराची पिन

भूत, करणी, अंगात येणं यातलं मी कधीच काही मानलं नाही. वस्तीतल्या बायका असल्या गोष्टी रंगवून सांगायला लागल्या की मी हंडा उचलून पाण्याला जायचे. आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते मी एकटीने बघितलं नाही. माझी नात शेजारी बसून वरणभात खात होती.

सूनबाईच्या मोबाइलवर मी लोकांचे असले अनुभव वाचते. तिथे पाठवायचा धीर होत नाही, म्हणून आधी वहीत उतरवून ठेवते.

मी कमल. सिंगापूरला मुलाकडे असते, टॅम्पिनीसला, अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मुलगा महेश आणि सून मुग्धा, दोघंही चांगी बिझनेस पार्कला कामाला. नात इरा दुसरीत आहे. ती पावणेदोनला शाळेतून येते, तेव्हापासून संध्याकाळपर्यंत आम्ही दोघीच.

आता जुनी गोष्ट आधी सांगावी लागेल.

महेश पाच वर्षांचा होता तेव्हा मी एका मराठी मालिकेत कपड्यांचं काम करत होते. मालक, म्हणजे महेशचे बाबा, सेट लावणारे सुतार, त्यांच्याच ओळखीने लागले. मालिकेचं नाव ‘मुंग्या आल्या!’ — तालुक्याच्या गावातलं एक लहानसं टीव्ही स्टेशन आणि तिथला रोजचा गोंधळ. बातम्या वाचणारा माणूस वर कोट आणि खाली लुंगी घालून बसायचा. स्टेशनच्या मॅनेजरबाई कडक, पण त्या कॅमेऱ्यासमोर आल्या की हटकून लाइट जायचे. शूटिंग ठाण्याच्या पुढे एका बंद गोडाउनमध्ये चालायचं. हसून हसून कॅमेरावाल्याचा हात हलायचा. पण पाच भाग दाखवले आणि मालिका बंद झाली. आज ती कुणाला आठवतही नाही.

शूटिंग काही गोष्टीच्या क्रमाने होत नाही. मॅनेजरबाई सोमवारी खोलीतून बाहेर पडतात, आणि पॅसेजमध्ये येतात ते गुरुवारी. टीव्हीवर ते लगोलग दिसणार, म्हणून साडी तीच, निऱ्या तशाच, पिन त्याच जागी पाहिजे. बाकीचे ते लिहून ठेवायचे. मी चौथी शिकलेली, लिहायला वेळ लागायचा. मी वहीत चित्र काढायचे. हिरवी साडी, डाव्या खांद्यावर मोराची पिन, मोराचं तोंड गळ्याकडे. पाच भागांत एक चूक झाली नाही.

सहाव्या भागाच्या वेळी मी पिन लावून दिली आणि पुढच्या साडीला इस्त्री करायला आत गेले. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडले, पॅसेजमध्ये पिनच नाही! त्यांच्या असिस्टंट नंदाताई म्हणाल्या, “कमलने दिलीच नाही. विसरली असेल.” मी म्हटलं, मी माझ्या हाताने लावली. कुणी ऐकलं नाही. माझी वहीसुद्धा उघडून बघितली नाही. त्याच दिवशी मला घरी पाठवलं. महिन्याभरात मालिकाच बंद झाली, तो भाग कुणी बघितलाच नाही. मालकसुद्धा म्हणाले, “जाऊ दे, होतं विसरायला.”

तेव्हापासून मी चार माणसांत बोलायची बंद झाले. तोंड उघडायच्या आधीच वाटायचं, आपलं चुकलं असेल तर?

यंदा काय झालं, दोनदा मी खाली गेले आणि परत येताना भलत्याच ब्लॉकमध्ये शिरले. इथले ब्लॉक दिसायला सारखेच. एकदा दूध उतू गेलं. महेश काळजीत पडला. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून मी ऐकलं, तो मुग्धाला सांगत होता, “आई आधीपासूनच विसराळू आहे गं. त्या मालिकेच्या कामावरूनही तिला त्याचसाठी काढलं होतं. बाबा सांगायचे.”

पोळी तव्यावर करपली, आणि तेही माझ्याच नावावर गेलं.

त्यानंतरच्या बुधवारची गोष्ट. नुकतेच दोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन, खाली शाळेच्या बसचा आवाज. इराचं कार्टून संपलं आणि पडद्यावर मुंग्या आल्या. पूर्वी अँटेना हलला की यायच्या तशा, खरखर आवाजासकट. हल्लीच्या टीव्हीवर असं होत नाही. मी रिमोट उचलला… आणि गाणं सुरू झालं. ‘मुंग्या आल्या!’चं गाणं.

मी रिमोट खाली ठेवला.

इरा म्हणाली, “आजी, why so old one?”

मी म्हटलं, “गप. बघ.”

तो सहावाच भाग होता. पहिले पाच मी बघितलेले होते, त्यातला हा नव्हता. लुंगीवाला बातम्या वाचत होता, इरा खोखो हसत होती. मॅनेजरबाई खोलीतून बाहेर पडल्या. हिरवी साडी, डाव्या खांद्यावर मोर. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात इरा ओरडली, “आजी, peacock!”

डोळे उघडले. बाई पॅसेजमध्ये होत्या. पिन खांद्यावर होती. मोराचं तोंड गळ्याकडे!

पुढचं तर मला माहीतच नव्हतं. लुंगीवाला मागून धावत आला, त्याची लुंगी दारात अडकली, तोल जाऊन त्याने बाईंचा पदर धरला. पिन उडाली आणि जमिनीवर घरंगळत कडेला गेली. आणि पडद्याच्या कडेने एक हात आत आला. पिन उचलून पटकन मागे गेला. मनगटावर पुरुषी घड्याळ, काळा पट्टा, तबकडी आतल्या बाजूला. तसं घड्याळ सेटवर एकच बाई घालायची, नंदाताई.

इरा हसून लोळत होती. “Somebody’s hand came inside! So funny lah!”

पुन्हा मुंग्या आल्या, आणि मग काळा पडदा.

संध्याकाळी मी काही बोलायच्या आत इरानेच सगळं सांगितलं. कोट-लुंगी, मोर, हात, घड्याळ. महेशने टीव्हीत काय काय बघितलं गेलं त्याची यादी काढली. दोनपर्यंत कार्टून. त्यापुढे काहीच नाही. नेटवर शोधलं, मालिकेचं नावसुद्धा कुठे नाही.

“आई, तू तिला गोष्ट सांगितली असशील. तिने मनाने रंगवली.”

“पिन उडाली हे मलाच माहीत नव्हतं. मी कुठून सांगणार? आणि ते घड्याळ नंदाताईंचं.”

मुग्धा इराचं ताट उचलत होती. ती म्हणाली, “आई, त्या नंदाताईंचं आडनाव आठवतंय?”

मी आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. त्यांचं घर उजवीकडच्या तिसऱ्या जिन्याला, हेही सांगितलं. मुग्धाने महेशकडे नुसतं बघितलं.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारत विचारत चार दिवसांनी नंबर मिळाला. नंदाताई पुण्यात असतात, वय झालंय. रविवारी सकाळी मुग्धाने फोन लावून माझ्या हातात दिला.

“नंदाताई, मी कमल. मुंग्या आल्या… कपडे बघायचे.”

“अगंबाई, कमल! कुठून बोलतेस?”

“सिंगापूरहून. ताई, सहावा भाग कधी कुठे दाखवला का हो?”

“छे गं. दाखवणार कुठून? मालिकाच बंद पडली, आणि पॅसेजच्या पहिल्या टेकच्या टेपवर तर दुसऱ्याच दिवशी दुसरं शूटिंग केलं. तेव्हा टेपा पुन्हा वापरायचो ना. का गं?”

मी एका दमात सांगून टाकलं. लुंगी दारात अडकली, पदर ओढला गेला, पिन उडाली, कडेने हात आला, घड्याळ आतल्या बाजूला.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

मग त्या हळू म्हणाल्या, “तुला कुणी सांगितलं? तू तर आत होतीस.”

“मी बघितलं.”

“कसं बघणार? ती टेप पुसायला मीच दिली होती, कमल.” त्यांचा आवाज बदलला. “पिन मीच उचलली. खिशात टाकली आणि विसरले. दुसरा टेक पिनशिवायच झाला. दिग्दर्शकसाहेबांनी तोच टेक ठेवला. ओरडायला लागले तेव्हा घाबरले गं… तुझं नाव घेतलं. तुझी काही चूक नव्हती. चुकलं ते माझं.”

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ द्या ताई. तोंडावर आलंही होतं. पण महेश सोफ्यावर पेपर धरून बसला होता, पान न उलटता.

मी म्हटलं, “ताई, थांबा. फोन स्पीकरवर टाकते. आता हे परत म्हणा. मोठ्याने म्हणा. माझा मुलगा बसलाय इथे.”

त्यांनी परत म्हटलं. शब्द न् शब्द. वर म्हणाल्या, “तुझ्या आईसारखी नजर अख्ख्या युनिटमध्ये कुणाची नव्हती रे बाळा.”

फोन ठेवल्यावर महेशने पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “आई, ती अपॉइंटमेंट रद्द करू का?”

“कशाला? जाऊ की. वय झालंय, दाखवून घेऊ. पण ‘आधीपासूनच’ हे डॉक्टरांना सांगायचं नाही. आधी मी कधीच काही विसरले नव्हते.”

“नाही सांगत,” तो म्हणाला, आणि माझ्या पायाशी येऊन बसला. लहान असताना बसायचा तसा.

डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. पाचही सांगितले, क्रमाने. आता मंडळाच्या नाटकाचे कपडे माझ्याकडे आहेत. तालमीत एका कलाकाराची टोपी उलटी होती, तर मी चाळीस माणसांसमोर नाटक थांबवलं. आवाज माझाच होता, मला आधी ओळखू आला नाही.

पुसलेली टेप टॅम्पिनीसच्या टीव्हीवर कशी लागली, ते मला कळलेलं नाही. महेशलाही नाही, आणि तो तर कॉम्प्युटरचाच माणूस. नंदाताई म्हणतात, माझं मनच मला खात होतं, ते तुला दिसलं. असेल. पण मग इराला कसं दिसलं?

दुपारी दोन वाजले की मी अजून एकदा पडद्याकडे बघते. तो भाग पुन्हा कधी लागला नाही. न लागो. एकदाच दिसायचा होता, आणि मी नीट बघितलाय.