रजिस्टरातली पहिली जुलै

ती पळायची तेव्हा मला तिचे फक्त तळवे दिसायचे. भेगाळलेले, मैदान आखायच्या फक्कीने पांढरे झालेले. सौसरच्या शाळेत चार वर्षं शंभर मीटरमध्ये ती पहिली आणि मी दुसरी, आणि दुसरीला कोणी कुत्रं विचारत नाही. बक्षीस वाटताना तिच्या नावाला टाळ्या पडायच्या, माझ्या वेळी पाहुणे चहा प्यायचे. मी तिचा मनापासून द्वेष करायची. आणि ती येडी, माय मजुरीला जायची त्या बागेतली संत्री माझ्या दप्तरात टाकायची.

आम्ही दोघी रामाकोन्याच्या. माझे वडील तिथे प्राथमिकचे गुरुजी होते. पोरगी चार वर्षांची असतानाच तिची माय तिला शाळेत घेऊन आली. बागेत कामाला जायचं तर तिला ठेवायचं कुठे? सहाच्या खाली नाव घेता येत नाही, असं बाबा म्हणाले. मग सहाची लिहा, असं माय म्हणाली, आणि बाबांनी लिहिली. तारीख पहिली जुलै, गावातल्या निम्म्या पोरांसारखी. माझी तारीख मात्र त्यांनी खरी टाकली होती. अशी ती माझ्याहून दीड वर्षाने लहान असून कागदावर मोठी झाली. बाबा हा किस्सा घरी हसत हसत सांगायचे.

बारावीत असताना ती शंभर मीटरमध्ये जिल्ह्यात पहिली आली. पुढच्या स्पर्धेला जबलपूरला जायच्या आधी जन्मतारखेसाठी दहावीची मार्कशीट तपासली, तर सतरा वर्षांखालच्या गटात ती चार महिन्यांनी मोठी निघाली. माय सगळ्यांना खरं वय सांगत फिरली. तिचं कोण ऐकणार? खेळाचे सर मला म्हणाले, गुरुजींनी वय अंदाजाने टाकल्याचं लिहून दिलं तर काही करता येईल, घरी विचारून ये. मी घरी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, बाबांना आठवत नाही.

तिच्या जागी मी गेले. पहिल्याच फेरीत शेवटून दुसरी आले. पण सर्टिफिकेट ते सर्टिफिकेट, त्यावर पुढे खेळशिक्षिकेची नोकरी चिकटली. तिला लोधीखेड्यात दिली. नवरा वारल्यावर ती परत आली आणि आता माझ्याच शाळेत दुपारचं जेवण शिजवते. मला मॅडम म्हणते. मैदानात मी शिटी मारली की चुलीपाशी तिची मान वर होते. ते मला दिसतं, आणि मी उगीच आणखी एकदा मारते.

परवा बाबांच्या तेरवीला ती न बोलावता पुऱ्या लाटायला आली. पंगती उठल्यावर आम्ही दोघीच जेवायला बसलो.

"त्या साली मी सोता गेलती गुरुजीपाशी," ती म्हणाली. "लय हात जोडले. ते बी म्हणे, मले आठवत नाई."

मी बाबांना काही सांगितलंच नव्हतं. सगळं आठवत असून तेही माझ्यासाठी तेच खोटं बोलले होते.

"तुम्ही दोघंबी एकच बोलले, मंग मले वाटलं, मायच खोटं बोलून राहिली. माय मरेपरेंत तिच्याशी धड बोलली नाई मी." तिने ताटातली उरलेली पुरी मोडली. "मॅडम, मायच चुकली असन ना?"

"असेल," मी म्हणाले, आणि तिला आणखी एक पुरी वाढली.