वरचे दोन दात

खुर्चीत बसण्याआधी ते अंगठ्यानं वरचे पुढचे दोन दात दाबून बघायचे आणि मला विचारायचे, "ताई, हालून नाही राहिले ना?"

मी अमरावतीत एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होते. ते अकोल्याच्या एका बँडमधले क्लॅरिनेटवाले काका. क्लॅरिनेट टेकतं ते याच दोन दातांवर. हिरड्यांच्या आजारानं दातांभोवतीचं हाड झिजलं, तेव्हा अकोल्यात त्यांना दात काढून टाकायला सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांनी हिरडी उघडून हाडाची भुकटी भरली, वर पातळ पडदा घालून टाके घातले. वर्षभरात एक्स-रेमध्ये नवं हाड दिसलं. डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एक्स-रे भिंतीवर लावले.

आठ वर्षं दात टिकले. दर तीन महिन्यांनी ते सकाळच्या एसटीनं सफाईला यायचे. एकदा बाहेरच्या बाकावर त्यांनी क्लॅरिनेट काढून फुंकलं, तर शेजारच्या बाईंना वाटलं आत कुणी ओरडतंय. त्या उठून घरीच गेल्या. यावर सगळ्यांत जास्त हसले ते स्वतः.

मग ते येईनासे झाले. मी दोनदा फोन केला. बायकोला अर्धांगवायू झाला होता. म्हणाले, "तिले कोनाच्या भरवशावर सोडू?" तिसरा फोन मी केला नाही.

दोन वर्षांच्या खंडानंतर, ती वारल्यावर, ते आले. शुगर वाढलेली, हिरड्यांतून पू येत होता, दात जिभेच्या धक्क्यानं हलत होते. डॉक्टरांसोबत शिकाऊ विद्यार्थी होते.

"एवढं हाड आणून दिलं," डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले, "आणि यांनी दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. पेशंट बेफिकीर असला की हे असं होतं."

काकांच्या तोंडात आरसा होता. त्यांना बोलता येईना. मला कारण माहीत होतं. मी ट्रे धरून उभी राहिले.

दात काढायला मिनिटही लागलं नाही. कवळी लावून वाजवता येईल का, असं त्यांनी कापूस चावतच विचारलं. या वयात आता कशाला वाजवायचं, असं डॉक्टर म्हणाले आणि भिंतीवरचे एक्स-रे काढायला त्यांनी मला सांगितलं. मी ते काकांच्या देखत काढले.

पुढच्या लग्नसराईत अकोल्याला एका वरातीत ते दिसले. अंगात लाल कोट, ओठांना क्लॅरिनेट. मी जवळ गेले तेव्हा कळलं, ते फुंकतच नव्हते. रांग भरलेली दिसावी म्हणून मालकानं त्यांना ठेवलं होतं. मांडवाशी बँड थांबला. त्यांच्या लक्षात आलं नाही; बोटं चालतच राहिली.